कॅटलॉगिंगला ७२ मार्क, आणि त्यानंतर

बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, वर्षी कॅटलॉगिंगच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या, प्रात्यक्षिकाला आम्ही सगळ्यात जास्त घाबरायचो ते रेघांना. उत्तरपत्रिकेवर आधी पेन्सिलीनं कार्ड आखायचं, साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं. डावीकडे दोन उभ्या रेघा. लेखकाचं नाव पहिल्या रेघेपासून, शीर्षक दुसरीपासून, आणि मजकूर खालच्या ओळीत उतरला की कुठल्या रेघेला यायचा, यावर अर्धा मार्क. कार्ड खणातल्या सळईत ओवायचं म्हणून त्याला खाली भोक असतं. तेसुद्धा आम्ही पेनाचं टोपण ठेवून गोल काढायचो. साल २००९. ज्या कार्डांसाठी ही कसरत चालायची त्यांचं कपाट आमच्याच विभागात जिन्याखाली पडलेलं होतं आणि त्यावर मावशी आपला जेवणाचा डबा ठेवायच्या.

मला त्या पेपरला ७२ मार्क पडले. वर्गात दुसरी. वाटलं, आता कुठलंही पुस्तक समोर येऊ दे.

दरवर्षी जून-जुलैत ओळखीतून कुणाचा तरी फोन येतो. "ताई, बी.लिब. करू का? कॅटलॉगिंग वगैरे शिकून आता नोकरी लागते का?" विचारणाऱ्यांत मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुली असतात, कॉल सेंटरला कंटाळलेली मुलं असतात, आणि एकदा तर एका वाचनालयात वीस वर्षं देवघेवीच्या टेबलावर काढलेले काका होते. दर वेळी तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवतेय.

पहिली नोकरी मिळाली ती एका अभियांत्रिकी महाविद्यालयात. ठोक मानधन, अकरा महिन्यांचा करार. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येणार होती. ग्रंथालय संगणकीकृत आहे का, सॉफ्टवेअर कोणतं, पूर्ण की अर्धवट, कोणत्या वर्षापासून, असं सगळं नॅकला दाखवावं लागायचं. त्यामुळे समिती येणार म्हटलं की बऱ्याच कॉलेजांना एकदम आपल्या लायब्ररीची आठवण व्हायची. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दोन महिन्यांत सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर पाहिजेत." मी मनातल्या मनात डीडीसीचे, ड्युईच्या दशांश वर्गीकरणाचे, खंड उघडले. हातात आली मात्र एक एक्सेल फाइल. वीस हजारांच्या वर ओळी, आधीच्या तीन-चार माणसांनी टाइप केलेल्या. कुणी दाखल नोंदवहीवरून, कुणी पुस्तक बघून, आणि कुणी बहुतेक खिडकीबाहेर बघून.

त्यात एकच लेखक नऊ प्रकारे होता. आडनाव आधी, आडनाव नंतर, आद्याक्षरांपुढे टिंब, बिनटिंबाचा, 'डॉ.' लावून, 'प्रा. डॉ.' लावून, स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, एक जास्त, आणि एके ठिकाणी लेखकाच्या रकान्यात प्रकाशक आणि प्रकाशकाच्या रकान्यात लेखक. वाचकानं त्या लेखकाची पुस्तकं शोधली तर त्याला दर वेळी एक नवमांश लेखक सापडणार.

अभ्यासक्रम एक चांगली नोंद करायला शिकवतो. नोकरीत गाठ पडते ती दुसऱ्यांनी केलेल्या हजारो वाईट नोंदींशी. नोकरीच्या बाजाराबद्दल मला जे सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळा तपशील आहे. पण तपशीलच महत्त्वाचा, कारण त्या वीस हजार ओळींशी झुंजताना जे हाताशी आलं ते त्या जुनाट वाटणाऱ्या पेपरातलंच होतं.

आमचे सर प्रात्यक्षिकात प्रत्येकाच्या मागे येऊन एकच प्रश्न विचारायचे, "हे कुठून घेतलंस?" शीर्षक मुखपृष्ठावरून घेतलं असेल तर वही परत. मुखपृष्ठ चित्रकाराचं, शीर्षकपृष्ठ आपलं, असं ते म्हणायचे. वर्गात हे खुसपट काढल्यासारखं वाटायचं. प्रत्यक्षात कपाटासमोर उभं राहा आणि दहा मराठी पुस्तकं काढून बघा. मुखपृष्ठावर एक नाव, आतल्या शीर्षकपृष्ठावर त्याच नावाला जोडलेलं उपशीर्षक, कण्यावर तिसरंच छोटं केलेलं रूप. मागच्या बाजूला 'आवृत्ती चौथी' छापलेलं, आणि पहिल्या आवृत्तीपासून एक काना-मात्रासुद्धा बदललेली नाही. म्हणजे खरं तर ते तिसरं पुनर्मुद्रण, पण आपल्याकडे प्रकाशक दोन्हीला सर्रास आवृत्तीच म्हणतात. नोंद करणाऱ्यानं काय लिहायचं? जे छापलंय ते तसंच उतरवायचं, आणि शंका असेल तर टिपेत लिहायची. कॅटलॉगिंगच्या नियमांचं जुनं एएसीआर-२ असो वा आता आलेलं आरडीए, ही शिस्त बदललेली नाही. एएसीआर-२ आलं १९७८ साली, आरडीए २०१० साली. मधल्या काळात 'पृ.'चं 'पृष्ठे' झालं, तीनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याचं नाव ठेवून बाकीच्यांना उडवायचा नियम सैल झाला. 'कुठून घेतलंस?' मात्र जागच्या जागी.

दुसरी कामी आलेली गोष्ट म्हणजे नावं. आमच्या वर्गात यावर दोन तास झाले असतील, आणि मला विचाराल तर अख्खा एक महिना व्हायला हवा. राम गणेश गडकरी घ्या. नाटकं स्वतःच्या नावानं, कविता 'गोविंदाग्रज' नावानं, विनोदी लेख 'बाळकराम' नावानं. विष्णु वामन शिरवाडकर नाटकांवर वि. वा. शिरवाडकर आणि कवितांवर कुसुमाग्रज. माणिक गोडघाटे मात्र पुस्तकांवर ग्रेसच. आता सगळ्यांना एकाच मापानं मोजून चालत नाही. गोडघाटे शोधणाऱ्याला 'ग्रेस पहा' असं एकदिशा बोट दाखवून भागतं. गडकऱ्यांनी मात्र वेगळ्या लेखनासाठी वेगळी नावं जाणूनबुजून ठेवली, म्हणून प्रत्येक नाव नोंदीचं स्वतंत्र शीर्षक आणि त्यांना आपसांत जोडणारं 'हेही पहा'. मार्क (परीक्षेतले नव्हेत, MARC: कॉम्प्युटरला वाचता येणारा नोंदींचा साचा) यातल्या अधिकृत नावांच्या नोंदीत पहिल्या प्रकाराला ४०० आणि दुसऱ्याला ५०० हे टॅग, म्हणजे रकान्यांचे क्रमांक, आहेत. आणि संतांना तर आडनावच नाही. तिथे ज्ञानदेव, ज्ञानेश्वर, माउली यांतलं एक निवडून बाकीची त्याला बांधायची.

हे शिकताना भाषेच्या तासाला बसल्यासारखं वाटायचं. पण त्या एक्सेलमधला नऊ प्रकारचा लेखक एक करताना मी नेमकं हेच करत होते: ही दोन नावं एकाच माणसाची की दोन माणसांची? 'एस. पाटील' नावाचे तीन वेगळे लेखक होते, एक यंत्र अभियांत्रिकीतला, एक गणितातला आणि एक कविता करणारा. सगळे 'एस. पाटील' एका झटक्यात एक केले असते तर बिचाऱ्या कवीच्या नावावर उष्मागतिकी चढली असती. मशीनला हे कळत नाही. पैसे मिळतात ते या कळण्याचे.

एक गंमत सांगते. कृती, अभिव्यक्ती, प्रकाशित रूप आणि प्रत, अशी चार पातळ्यांची जी मांडणी १९९८ मध्ये एफआरबीआर म्हणून आली, ती वर्गात कुणालाच कळायची नाही. इंग्रजी नाटकांची उदाहरणं द्यायचे. मला ती कळली आजीच्या देवघरात. ज्ञानेश्वरी ही कृती. राजवाड्यांनी जुन्या पोथीवरून सिद्ध केलेला पाठ ही एक अभिव्यक्ती, साखरे महाराजांची सार्थ ही दुसरी. सार्थचं एखाद्या प्रकाशकानं एखाद्या साली छापलेलं पुस्तक हे प्रकाशित रूप. आणि आजीची, हळदीकुंकवाचे डाग पडलेली, अठराव्या अध्यायाची दोन पानं निसटलेली, ती प्रत. शिवाय ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हा काळ दिलाय, लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव दिलंय आणि आधीच्या ओव्यांत गोदावरीकाठचं ठिकाणही आहे. स्थळ, काळ, कर्ता, लेखनिक. इतका नीट प्रकाशन-तपशील आजची निम्मी पुस्तकं देत नाहीत.

आता कोर्सनं जे दिलं नाही ते. माझ्या वेळी मार्क फॉरमॅट हा थिअरीच्या पेपरातला दहा मार्कांचा प्रश्न होता: अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये साठच्या दशकात हेन्रिएट अव्हराम यांनी तयार केला, मार्क २१ हे नाव १९९९ पासून, फायदे लिहा. पडद्यावर २४५ हा टॅग मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीत. आता बऱ्याच ठिकाणी परिस्थिती सुधारली आहे आणि विद्यार्थ्यांकडून कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी करून घेतात. तरी ज्या विभागात जाल तिथे पहिल्याच दिवशी विचारा, प्रात्यक्षिक कागदावर की सॉफ्टवेअरवर? कागदावर असेल तर घाबरू नका, फक्त उरलेलं स्वतः करायचंय हे समजून चाला.

कोहा फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी तयार होऊन २०००च्या जानेवारीत सुरू झालं; माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. सरकारी आणि विद्यापीठीय वर्तुळात इन्फ्लिबनेटचं सोल, एनआयसीचं ई-ग्रंथालय, आपल्या पुण्यातलं स्लिम हीसुद्धा भेटतील. एक नीट आलं की दुसरं आठवड्यात येतं, कारण आत सगळीकडे तेच: २४५ला शीर्षक, १००ला मुख्य लेखक, ७००ला बाकीचे, ६५०ला विषय, ०८२ला डीडीसीचा वर्गांक. टॅग पाठ करायची गरज नाही, वापरून वापरून ते तोंडात बसतात. आमच्याकडे तर "याचं टू फोर फाइव्ह बघ गं" असं लोक चहा पितापिता बोलतात.

आणि एक्सेल. माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागडी चूक इथे झाली. त्या वीस हजार ओळींमध्ये आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा, रकाना होता, तेरा आकडी. एक्सेल लांब आकडा दिसला की तो आवळून दाखवतं: ९.७८, मग ई, मग अधिक बारा. मला वाटलं, नुसतं दिसायला तसं आहे, आत आकडा शाबूत असेल. होताही. मी ती फाइल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची, म्हणून साठवली, आणि जसं दिसत होतं तसंच साठवलं गेलं. मूळ फाइल मी 'गोंधळ नको' म्हणून त्याच दिवशी पुसली होती. दुसऱ्या दिवशी हजारो पुस्तकांचा आयएसबीएन एकच. मग पुढचे तीन आठवडे शिपाई दादा आणि मी कपाटाकपाटानं पुस्तकं खाली काढून आकडे पुन्हा टाइप करत होतो. कुणी ओरडलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. पण तेव्हापासून माझा नियम: रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा, मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत तारखेसह वेगळी. दाखल क्रमांकाच्या पुढची शून्यंसुद्धा एक्सेल असंच गुपचूप खातं. हे कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं. मार्कएडिट आणि ओपनरिफाइन ही दोन फुकट साधनं आधी माहीत असती तर निम्मं काम दोन दिवसांत झालं असतं. पहिलं एक्सेलमधून मार्क नोंदी करून देतं, दुसरं सारख्या दिसणाऱ्या नावांचे गठ्ठे करून देतं. गठ्ठ्यातलं कोण कुणाचं हे तरी तुम्हालाच ठरवायचं.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो. इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी इंटरनेटवर ढिगानं मिळतात. झेड ३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयातल्या नोंदी शोधून आणायची सोय) जोडलं, आयएसबीएन टाकला, नोंद खाली ओढली, झालं. त्या कामासाठी कुणी तुम्हाला फार काळ पगार देणार नाही. मराठी पुस्तकांचं तसं नाही. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नाही, नव्यांपैकीही अनेकांना नाही. तयार नोंद सापडली तर बहुधा लायब्ररी ऑफ काँग्रेसची, कारण त्यांचं दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेला पाठवतं. पण त्यातल्या बऱ्याच नोंदी रोमन लिपीत, खुणांसह. तिथे 'देशपांडे'मधला श म्हणजे एसवर तिरकी रेघ, एच नाहीच. खुणा झटकल्या तर उरतं 'देसापांडे'सारखं काहीतरी. 'फडके'मध्ये आपण न बोललेला ड-नंतरचा अ लिप्यंतर सोडत नाही. वाचक बिचारा आपल्या सवयीचं स्पेलिंग टाइप करतो आणि पडद्यावर येतं: शून्य नोंदी. पुस्तक त्याच्या मागच्या कपाटात असतं.

म्हणजे ती नोंद उचलायची, देवनागरीत शीर्षक-लेखक भरायचे, रूढ स्पेलिंग जोडायचं. हे काम मराठी वाचता येणारा आणि मार्क कळणारा माणूसच करू शकतो, आणि असे लोक फार नाहीत.

जुन्या पुस्तकांचं आणखी वेगळं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं पुस्तक असेल तर शीर्षकात 'कांहीं', 'मुंबईंतील' असे अनुच्चारित अनुस्वार. ते जसेच्या तसे २४५मध्ये उतरवायचे, पण वाचक 'काही' टाइप करणार म्हणून २४६मध्ये, पर्यायी शीर्षकाच्या टॅगात, आजचं रूप. विष्णु की विष्णू, तेही तसंच. आणि प्रकाशन वर्ष शकात. एका वाचनालयात कार्यक्रमाला गेले होते, पदाधिकाऱ्यांनी पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं की आमच्याकडे १८५० सालचं पुस्तक आहे. मी नंतर हळूच उघडून पाहिलं. शके १८५०. म्हणजे १९२८ किंवा १९२९. चैत्रापासून धरायचं असल्यानं महिना छापला नसेल तर दोन्ही लिहावी लागतात, चौकटी कंसात. टाइप करणाऱ्यानं 'शके' हा शब्द रकान्यात मावत नाही म्हणून सोडून दिला होता. पाहुण्यांनी त्या पुस्तकाबरोबर फोटो काढला. मी गप्प बसले.

तिसरं दुखणं फाँटचं. युनिकोड रुळायच्या आधी अनेक ग्रंथालयांनी मराठी नोंदी त्या काळच्या फाँटात केल्या. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडल्या की इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची खिचडी. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार, ऱ्य, पोटफोड्या ष आणि ळ हमखास बिघडतात, आणि मग बसायचं एकेक ओळ वाचत. एका ठिकाणी 'सूर्य' सगळीकडे 'सूय' झाला होता. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या नोकरीत मला ठेवून घेतलं ते यामुळेच.

नोकऱ्या कुठे आहेत, हे आता भरभर सांगते. सगळ्यांच्या डोळ्यापुढे असतं ते अनुदानित महाविद्यालयातलं ग्रंथपालाचं पद: एम.लिब.ला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, ५५ टक्के, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, सातव्या आयोगाप्रमाणे लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७०० पासून. पद चांगलं, जागा कमी, भरतीला शासनाची परवानगी लागते आणि ती कधी येईल ते सांगता येत नाही. तरी नेट-सेट देऊन ठेवा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेतं. दोन पेपर, पहिल्यात ५० आणि दुसऱ्यात १०० प्रश्न, आणि कॅटलॉगिंगच्या इतिहासावर हमखास जोड्या लावा येतात: कटरचे नियम १८७६, आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा क्लासिफाइड कॅटलॉग कोड १९३४, पॅरिस तत्त्वं १९६१, आयएफएलए-एलआरएम २०१७. त्याच १८७६ साली ड्युईच्या वर्गीकरणाची पहिली आवृत्तीही आली, तिथे मुलं गोंधळतात.

सार्वजनिक वाचनालयांचं जाळं आपल्याकडे मोठं आहे, १९६७च्या कायद्यानुसार अ, ब, क, ड वर्गांत अनुदान मिळतं, आणि ड वर्गातल्या ग्रंथपालाला त्यातून जे मिळतं त्यात घर चालत नाही. आवडीनं करणारे करतात. गावात राहून दुसरं काही जोडीला असेल तर शासनमान्य प्रमाणपत्र वर्गही पुरतो, लगेच बी.लिब.ची घाई नको.

कंत्राटी डेटा रूपांतर: ठेकेदार नोंदीमागे मोजके रुपये देतो. सहा महिने करा, हात बसतो. दोन वर्षं करू नका.

अभिलेखागार, संशोधन संस्था, वृत्तपत्रांची जुनी दप्तरं, संग्रहालयं इथे जाहिराती कमी निघतात, ओळखीतून कळतात. मोडी येत असेल तर दारं उघडतात. पुण्याच्या पेशवे दप्तराच्या रुमालांपासून (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपासून) गावोगावच्या वाड्यांतल्या कागदांपर्यंत वाचून नोंद करणारी माणसं हवीच आहेत. माझ्या वर्गातली एक मैत्रीण मोडीच्या जोरावर आज आमच्यापेक्षा जास्त मजेत काम करते. मजेत म्हणाले, पगारात नाही.

आणि खासगी क्षेत्र. इथे 'कॅटलॉगर' शब्द शोधलात तर काही सापडणार नाही, किंवा कपड्यांचे फोटो चढवणाऱ्यांच्या जाहिराती सापडतील. शोधायचे शब्द वेगळे: मेटाडेटा, टॅक्सॉनॉमी, डिजिटल ॲसेट, नॉलेज सेंटर, रेकॉर्ड्स. वकिलांच्या मोठ्या फर्म, प्रकाशक, चित्रपट-मालिकांचे साठे सांभाळणारे, ऑनलाइन दुकानं. अशाच एका मुलाखतीत मला विचारलं, "तुमच्या लायब्ररी सायन्सचा आम्हाला काय उपयोग?" मी त्यांच्याच ॲपवर साडी शोधून दाखवली. डावीकडे कापड, रंग, काठ, किंमत, प्रसंग. म्हटलं, एखादी वस्तू एकाच खणात न कोंबता अशा पैलूंनी फोडायची, हे रंगनाथनांनी १९३३च्या कोलन वर्गीकरणापासून सांगितलं. आणि तुमच्या 'प्रसंग'मध्ये 'लग्न' आणि 'सिल्क' शेजारी शेजारी आहेत, ते का? समोरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. नोकरी मी घेतली नाही, घरापासून लांब होती. पण देत होते.

कुणी म्हणतं, आता हे सगळं एआय करेल. मी करून पाहते अधूनमधून. मराठी पुस्तकाचं शीर्षक दिलं की नोंद झटकन येते, दिसायला देखणी, आणि वर्गांक कधी कधी भलताच, आयएसबीएन तर एकदा चक्क बनवलेला. मराठी कादंबरी ८९१.४६३ ऐवजी हिंदीच्या खणात टाकताना त्याला काही वाटत नाही. वाईट नोंदींचा पुरवठा वाढणार आहे एवढं दिसतंय, म्हणजे आमच्यासारख्यांना काम.

खरं तर शिक्षण आणि नोकरी यांच्यात इतकं अंतर असायचं कारण नव्हतं. आपल्याकडे ग्रंथालयाचं प्रशिक्षण सुरूच झालं ते नोकरीसाठी. सयाजीराव गायकवाडांना बडोद्यात ग्रंथालयं चालवायला माणसं हवी होती, म्हणून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डन यांना आणलं आणि त्यांनी तिथे वर्ग चालवला. शिकायचं आणि थेट टेबलावर बसायचं. नंतर आपण विद्यापीठं केली, पेपर केले, भोक काढायचे मार्क ठेवले.

आता मी एका खासगी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि कधी मधी निवड समितीत बसते. प्रमाणपत्रं बघून झाली की मी उमेदवारापुढे तीन पुस्तकं ठेवते. एक गौरवग्रंथ, ज्याच्यावर सत्कारमूर्तींचा फोटो आणि नाव एवढं मोठं की संपादकाचं नाव शोधावं लागतं. एक अनुवाद, मूळ लेखकाचं नाव बारीक अक्षरात. आणि एक जुनं, शकवालं. म्हणते, लेखक सांगा आणि वर्ष सांगा, बाकी काही नको.

बहुतेक जण गौरवग्रंथ उचलतात, मुखपृष्ठ बघतात आणि सत्कारमूर्तींनाच लेखक करतात. ते विषय असतात, लेखक नव्हे. एकदा एम.लिब.ला सुवर्णपदक असलेल्या मुलानंसुद्धा तेच केलं, आणि त्याच दिवशी सोलापूरकडून आलेली, मार्क बेताचे असलेली एक मुलगी पुस्तक हातात घेऊन म्हणाली, "मॅडम, मागचं पान बघितलं तर चालेल?" मी म्हटलं, चालेल की. तिनं शीर्षकपृष्ठ बघितलं, त्याच्या मागची बाजू बघितली, प्रस्तावनेखालची सही आणि तारीख बघितली, आणि मग संपादकाचं नाव सांगितलं. शकात ७८ मिळवताना बोटांवर मोजलं. तिला घेतलं.

तर शिकताना काय करायचं? क्लासेस लावू नका. लॅपटॉपवर कोहा बसवा किंवा कुणाकडून बसवून घ्या. लिनक्सची भीती चार दिवसांत जाते. मग आपल्या गावच्या, पेठेतल्या वाचनालयात जाऊन कार्यवाहांना सांगा की मला तुमच्या १०० पुस्तकांच्या नोंदी फुकट करून द्यायच्या आहेत. आधी संशयानं बघतील, नंतर चहा देतील. प्रत्येक नोंदीला लेखकाच्या नावाचं काय केलं आणि का, हे एका वहीत लिहा. पहिल्या वीस नोंदी चुकतील, त्या पुसू नका, तशाच ठेवून खाली दुरुस्ती लिहा. मुलाखतीला ती वही घेऊन या. मी तरी प्रमाणपत्राआधी ती मागेन.

आणि कपाट निवडताना कादंबऱ्यांचं घेऊ नका, ते सोपं असतं. स्मरणिका, गौरवग्रंथ, दर तीन वर्षांनी नाव बदललेले दिवाळी अंक आणि कुणाच्या तरी आजोबांनी देणगी दिलेल्या पोथ्या एकत्र कोंबलेलं, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेलं एक कपाट प्रत्येक वाचनालयात असतं. त्याची किल्ली मागा.